नारळ कुठल्या दिशेला गेला

माझी कयाक घरी आली तेव्हा आईने ती अंगणात उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "हिला भोकं आहेत."

होती. वर उघड्यावर बसायची बैठक असलेल्या या प्लास्टिकच्या कयाकना बुडापर्यंत आरपार भोकं असतातच. लाट अंगावर आली की पाणी साठून न राहता त्यातून निथळून जातं. दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत हवा कोंडलेली असते, म्हणून ती बुडत नाही. मी हे सगळं आईला नीट समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळी शेजारच्या काकूंना सांगितलं, "पैसे मोजून फुटकी होडी आणलीय."

त्या फुटक्या होडीतून मी गेली नऊ वर्षं थंडीच्या दिवसांत एका रविवारी शापोरा नदीत उतरतो. आमच्या चोपड्याच्या काठावरून पलीकडे शिवोलीच्या काठाला पोहत जायचा कार्यक्रम असतो. वाट तिरकी, सगळी मिळून किलोमीटरभराच्या आतली. पन्नास-साठ माणसं पोहतात. प्रत्येकाने ओळखीपाळखीत फिरून देणगी गोळा करायची आणि तो पैसा घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे नर्स पाठवणाऱ्या मंडळींना द्यायचा. नर्सचा पगार, हवेच्या गाद्या, डायपर, जखमा धुवायचं सामान. शर्यत नाही, घड्याळ नाही, पदक नाही. पोचलात की चहा आणि उंड्याबरोबर, म्हणजे आमच्याकडच्या गोल पावाबरोबर, पातळ भाजी. आम्ही दहा-बारा कयाकवाले पोहणाऱ्यांच्या सोबतीला.

सोबत हा शब्द मी मुद्दाम वापरतो. बाकीचे 'रेस्क्यू टीम' म्हणतात, पाठीवर तसं छापलेला टीशर्टही मिळतो. पण नऊ वर्षांत मी रेस्क्यू म्हणावं असं दोनदाच काही केलं असेल. बाकी सगळा वेळ हळू चालणं. माझ्या लहानपणी रात्री कोणी आमच्याकडून परत निघालं की आजी म्हणायची, "थांब, सोबत देते." मग काकांपैकी कोणीतरी झावळ्यांची चूड पेटवून त्या माणसाबरोबर वडाच्या पारापर्यंत जायचा. त्या माणसाला वाट माहीत असायची. काका त्याचा हातही धरत नसत. नुसतं बाजूने चालायचं, चूड हलवत ठेवायची, पाराशी पोचलं की परत फिरायचं. कयाकवर बसून मी तेच करतो, फक्त अधूनमधून पार्श्वभाग भिजतो.

पहिल्या वर्षी हे मला ठाऊक नव्हतं. मी मदत करायला गेलो होतो. मधल्या धारेत एक चांगला दणकट गृहस्थ दमला, त्याने हात वर केला, मी शूरासारखा त्याच्या अगदी लगत गेलो. त्याने दोन्ही हातांनी कयाकची मधली कड पकडली आणि वर यायला जोर लावला. पुढच्या क्षणी मी पाण्यात, कयाक पालथी, वल्हं वाहत चाललेलं आणि तो गृहस्थ माझ्या खांद्याला धरून मला विचारतोय, "तुम्ही ठीक आहात ना?" दुसऱ्या कयाकवाल्याने येऊन आम्हा दोघांना गोळा केलं. त्या दिवसापासून पोहणाऱ्यांना मी काठावरच सांगतो: कयाकला मधे हात लावायचा नाही. दमलात तर नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला या, तिथलं हँडल दोन्ही हातांनी धरा, पाय सैल सोडा, श्वास घ्या. नाळेला लोंबकळणारा माणूस कयाकला उलटवू शकत नाही आणि तो माझ्या डोळ्यांसमोरही राहतो.

आता पाण्याबद्दल. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

वर दोडामार्गात हिला तिलारी म्हणतात, गोव्यात शिरून पेडणे आणि बार्देशच्या मधून येता येता ती शापोरा होते. पण आमच्यापर्यंत पोचते तेव्हा ती नदी उरते कुठे? दिवसातून दोनदा समुद्र तिच्यात शिरतो आणि दोनदा बाहेर पडतो. सिंधुदुर्गातले आमचे पाहुणे हिला सरळ खाडी म्हणतात, घरी कोंकणीत आम्ही न्हंय म्हणतो. ओहोटीला आमचा शब्द सुकती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा मुरगाव बंदराच्या तक्त्यात चढउतार दोनेक मीटरचा दिसतो. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा साधारण मीटरभराचा. आकडा लहान वाटेल, पण ते सगळं पाणी खाडीच्या तोंडातून सहा तासांत आत यायचं आणि सहा तासांत बाहेर जायचं असतं. शिवाय ते एका चालीने जात नाही. पहिल्या तासात थोडं उतरतं, दुसऱ्यात जास्त, आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी निघून जातं. भरती पुरी झाल्यावर सुकती लागायच्या आधी पाणी घटकाभर उभं राहतं. पोहायचं ते तेवढ्यात.

कोकणात भरतीचा हिशेब तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट काढायची, ते भरतीचे तास. एकादशी म्हणजे अकरा, त्याची पाऊणपट सव्वाआठ. हा मुंबईकडचा हिशेब. भरती दक्षिणेकडून वर सरकत जाते, त्यामुळे आमच्या किनाऱ्यावर ती तासभर आधी येते. मग समुद्रातून शिवोलीपर्यंत आत शिरायला परत थोडा उशीर. अखेर तक्ता बघावाच लागतो, पण आमची वर्षाची तारीख ठरते ती मात्र एकादशीच्या आजूबाजूचा रविवार धरून. सकाळी पावणेआठच्या सुमाराला भरती पुरी होते, वारा उठलेला नसतो आणि पाणी उधाणाचंही नसतं.

यंदा नेमकी एकादशीच रविवारी आली. त्यामुळे बाईंचा उपास होता.

बाई म्हणजे मला चौथीत भूगोल शिकवणाऱ्या बाई. आमच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग होते. आता शाळेत मुलंच मोजकी. बाई निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, वय सहासष्ट. लहानपणी विहिरीत सुका भोपळा पाठीला बांधून पोहायला शिकलेल्या. बेडकासारखे हातपाय टाकत, मान वर काढून, आजूबाजूला बघत पोहतात. गेली चार वर्षं त्या येतात आणि चारही वर्षं त्यांची सोबत माझ्याकडे. "हा माझा विद्यार्थी," असं त्या सगळ्यांना सांगतात आणि लगेच पुढे जोडतात, "भूगोलात काठावर पास."

सात चाळीसला पाण्यात उतरायचं ठरलं होतं. सात वाजता सगळे चोपड्याच्या काठावर हजर. पोहणाऱ्यांनी भगव्या टोप्या चढवल्या. चपला एका पोत्यात गोळा झाल्या. चपलांचं पोतं हे माझं खातं आहे: पोहत जाणाऱ्यांना पलीकडे अनवाणी चालायला नको, काठावरच्या दगडांना कालवं चिकटलेली असतात आणि पाय ब्लेडने कापावा तसा कापतात. म्हणून पोतं माझ्या कयाकच्या मागच्या खाचेत बांधून मी पलीकडे नेतो.

सात चाळीस झाले. प्रमुख पाहुणे आले नव्हते.

पाहुणा असल्याशिवाय आपल्याकडे काही सुरू होत नाही, हे मान्य. त्यांच्यामुळे दोन मोठ्या देणग्या आल्या होत्या, हेही मान्य. आठ वाजले. "निघालेत," असा निरोप आला. आपल्याकडे 'निघालेत'चा अर्थ आंघोळीला गेलेत असाही होतो. पोहणारे काठावर कुडकुडत उभे, फेब्रुवारीतली सकाळ, अंगावर ओले होण्यासाठीचे कपडे. मी किनाऱ्यातल्या एका खुंट्यावर पाण्याची रेघ बघत होतो. ओल्या पट्टीची रुंदी दोन बोटं झाली, मग तीन. म्हणजे पाणी उतरायला लागलेलं. खुंट्यावर उतरलं तरी मधल्या धारेत ते काही वेळ आत शिरत असतं, एवढाच काय तो दिलासा.

बाई पालथ्या घातलेल्या होडीवर बसून उपासाचं केळं खात होत्या. "आरती साहा माहीत आहे का रे?" त्यांनी विचारलं.

नाव ऐकलं होतं.

"इंग्लिश खाडी पोहून गेली. १९५९ साली. आशियातली पहिली बाई. पण पहिल्या खेपेला राहिलं तिचं. का राहिलं ठाऊक आहे? सोबतीची बोट वेळेवर आली नाही. चाळीस मिनिटं उशीर. आधीचं अनुकूल पाणी हातचं गेलं, आणि किनारा पाच मैलांवर दिसत असताना उलटी धार लागली. बोटवाल्याने शेवटी तिला बाहेर यायला लावलं. महिन्याभराने परत उतरली आणि सोळा तास वीस मिनिटांत गेली." केळ्याची साल त्यांनी घडी घालून पिशवीत ठेवली. "आता किती मिनिटं झाली?"

"पस्तीस."

"बघ."

आठ पंचवीसला गाडी आली. पाहुणे हसतमुख होते, रस्त्याबद्दल बोलले, समाजसेवेबद्दल बोलले, मग काठावर चपला काढून नदीची पूजा केली. हळदकुंकू लावलेला अख्खा नारळ दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. टाळ्या झाल्या. फोटोवाले पाहुण्यांकडे बघत होते. आम्ही कयाकवाले नारळाकडे.

नारळ क्षणभर जागच्या जागी डोलला. मग शेंडी फिरवून, घाई न करता, समुद्राकडे निघाला.

खालच्या अंगाला गुडघाभर पाण्यात एक म्हातारा पागी, म्हणजे मासेमार, पागेर जाळं टाकत होता. नारळ त्याच्या समोरून गेला तेव्हा त्याने जाळं आवरलं, आमच्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "उदक कोणाचें आयकना."

मग कयाकवाल्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. रद्द करा असं आमच्यातला एक म्हणाला, आणि तो चुकीचा नव्हता. शेवटी ठरलं ते असं: सगळ्यांनी काठाकाठाने पुलाच्या दिशेला तीनेकशे पावलं वर चालत जायचं आणि तिथून उतरायचं, म्हणजे वाहत खाली आलं तरी नेहमीच्या जागी लागता येईल. ज्यांना किंचितही शंका आहे त्यांनी पोहायचं नाही, देणगी जमा धरली जाईल. सातजण मागे सरले. त्यांच्यासाठीही टाळ्या व्हायला हव्या होत्या, झाल्या नाहीत. मी बाईंकडे बघितलं. त्या चिखलातून पुलाकडे चालू लागल्या होत्या.

लहानपणी हा पूल नव्हता, फेरीबोट होती. शुक्रवारी आजोबांबरोबर म्हापशाच्या बाजाराला जाताना मी बोटीच्या कठड्याला लटकायचो आणि मला दरवेळी वाटायचं की तांडेलाचं डोकं फिरलंय. शिवोलीचा धक्का समोर दिसतोय आणि हा बोटीचं नाक भलतीकडे, पाणी येतंय तिकडे वर करून चालवतोय. बोट खेकड्यासारखी आडवी सरकत सरकत बरोबर धक्क्याला लागायची. आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "त्याला विचार." तांडेलाला विचारायची हिंमत नव्हती. पुढे किती वर्षांनी, कयाक शिकवणाऱ्याने वाळूवर दोन बाण काढून दाखवले तेव्हा मला तो तांडेल कळला.

तेच मी बाईंना सांगितलं. "बाई, समोर वरच्या बाजूला एकमेकांना टेकलेली दोन माडाची झाडं दिसतात? त्यांच्याकडे बघून पोहा. लागायचंय त्यांच्या खाली, तंबूपाशी. पण तंबूकडे बघायचं नाही."

"म्हणजे बघायचं एकीकडे आणि पोचायचं दुसरीकडे."

"हो."

"तुझं अक्षर असंच होतं. ओळीवर सुरू व्हायचं आणि खालच्या ओळीत संपायचं."

उतरलो. पहिली शंभर मीटर काठाच्या आडोशाला काही जाणवलं नाही. मग धार लागली. बाईंचा वेग ताशी दीड किलोमीटरच्या जरा वर असेल. पाणी आमच्या अंदाजाने ताशी एक किलोमीटरने खाली चाललेलं आणि मिनिटागणिक वाढत होतं. वीसेक मीटरवरून भगव्या टोप्यांची रांग बघितली तर सगळी माडांकडे तोंड करून पोहतेय आणि सगळी मिळून समुद्राकडे सरकतेय.

कयाकवाल्याने अशा वेळी खालच्या अंगाला राहायचं असतं. वर राहिलात तर धार तुमची कयाकच पोहणाऱ्याच्या डोक्यावर नेऊन घालते. शिवाय खाली नांगरलेल्या होड्या होत्या आणि त्यांचे तिरपे ताणलेले दोर. माणूस दोराला आडवा लागला की धार त्याला तिथेच दाबून धरते. म्हणून मी बाई आणि होड्यांच्या मधे. कयाक नुसती चालवायची तर माणूस चालतो त्याच्यापेक्षा वेगाने जाते, तिला हळू ठेवणं हेच कष्टाचं. एक वल्हं पुढे, अर्धं मागे, नाक सरळ, पुन्हा थांब. पाठीचा खालचा मणका दुसऱ्या दिवशी या थांबण्याचाच दुखतो.

अर्ध्यावर बाईंचा ताल बदलला. हात छोटे पडायला लागले. टोपीखालून एक पांढरी बट सुटून गालाला चिकटली होती आणि ती बाजूला करायला त्या हात काढत नव्हत्या, म्हणजे हात मोजून वापरत होत्या. मला ती बट दिसत होती आणि माझं वल्हं नकळत दोनदा जास्त मारलं गेलं. कयाकची नाळ त्यांच्यापासून हातभरावर आली.

"हवंय का, बाई?"

त्यांनी नाळेकडे बघितलं. मग माडांकडे.

"मागे घे ती," त्या म्हणाल्या. "मधे येतेय."

मी मागे घेतली.

माझे वडील शेवटचे सात महिने अंथरुणावर होते. आठवड्यातून तीनदा येणारी नर्स कूस बदलायला शिकवून गेली, पाठीला पावडर कशी लावायची ते दाखवून गेली, आणि जाताना एकदा म्हणाली, "सारखं काय हवं काय हवं विचारू नका त्यांना. नुसते बसत जा." ते मला औषधं देण्यापेक्षा अवघड गेलं. खुर्ची ओढून मी बसायचो आणि पाच मिनिटांत उशी सारखी करायला उठायचो. वडील डोळे मिटून म्हणायचे, "बस."

बाईंनी नदीच्या मधोमध दोन वेळा उताणं होऊन श्वास घेतला. तेवढ्यात पन्नास मीटर खाली गेल्या. दुसऱ्यांदा त्या उताण्या असताना मी शिट्टी तोंडात धरली होती आणि वल्हं उभं करायच्या बेतात होतो. वल्हं उभं केलं की मोटरबोट येते. बोट आली की बाई बोटीत. मी मनात वीसपर्यंत आकडे मोजायचं ठरवलं. चौदाला त्या पालथ्या झाल्या.

शिवोलीचा काठ जवळ आला तशी धार सैल पडली. नेहमीच्या जागेच्या खाली, खाजणाच्या बांधाजवळ चिखलात आम्ही लागलो. एरवी पंचवीस मिनिटं लागतात त्याला त्रेचाळीस लागली होती. मी उडी मारून हात पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही, बांधाच्या दगडाला धरून उभ्या राहिल्या, गुडघे थरथरत होते. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि चांगला जड ठेवला.

तंबूपाशी सगळे पोचले होते. दोघांना मोटरबोटीने उचलून आणावं लागलं, एकाच्या तळव्याला कालव लागलं होतं, एवढ्यावर भागलं. वहीत खुणा झाल्या, उतरले तेवढे वर आले असं जाहीर झालं. वहीवर माझा अविश्वास नाही, पण मी चपलांचं पोतं रिकामं होईपर्यंत चहा घेत नाही. पोत्यातली प्रत्येक जोडी पायात गेली म्हणजे प्रत्येक पाय जमिनीवर आहे. मी पोतं उपडं केलं, लोक आपापल्या चपला शोधून घेऊन गेले. मागे सरलेल्या सातजणांनी आपल्या आधीच काढून घेतल्या होत्या.

शेवटी एक जोडी उरली.

पोटात खड्डा पडतो म्हणतात तो कुठे पडतो हे त्या वेळी कळलं. मी वही परत मोजायला लावली. नावं हाका मारून घेतली. सगळे होते. पायांकडे बघत तंबूभर फिरलो. सगळ्यांच्या पायांत काही ना काही होतं. बाई खुर्चीत बसून गरम पाण्यात पाय बुडवून होत्या. त्यांच्या निळ्या स्लीपर शेजारी ठेवलेल्या. मी ती उरलेली जोडी त्यांना दाखवली.

चामड्याची, तपकिरी, आतल्या बाजूला सोनेरी अक्षरं. पोहायला येताना अशी कोण घालून येईल?

बाईंनी एक चप्पल हातात घेऊन उलटी केली, तळवा बघितला, सरळ केली. "पूजेच्या वेळी काढल्या होत्या त्या," त्या म्हणाल्या. "पोरांनी पोत्यात भरल्या वाटतं सगळ्यांबरोबर."

तेवढ्यात माझा फोन वाजला. चोपड्याच्या काठावरून. पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं आहे, उशीर होतोय, त्यांच्या चपला सापडत नाहीत, पुलावरून ड्रायव्हरला पाठवतोय, जरा तयार ठेवाल का?

मी बाईंकडे बघितलं.

"ओल्या झाल्यात," बाई म्हणाल्या. "अशा कशा द्यायच्या. धुऊन, जरा उन्हात वाळव आधी."

मी चपला नळावर धुतल्या आणि कयाकच्या पालथ्या पाठीवर, उन्हाच्या तिरपेला लावून ठेवल्या. मग चहा घेतला.